विषाद आणि उन्माद : दोन आजारांच्या ओळखीचा इतिहास

'डिप्रेशन' हा शब्द आता आपल्या बोलण्यात सहज मिसळून गेला आहे. परीक्षेत अपयश आलेला विद्यार्थी तो वापरतो, नोकरी सुटलेला तरुण वापरतो, आणि महिनोन् महिने अंथरुणावरून न उठणाऱ्या गृहिणीविषयी बोलताना शेजारीही तोच शब्द वापरतात. शब्द जितका सैल झाला तितका त्याचा अर्थ पुसट होत गेला. या एका शब्दाच्या आड वैद्यकशास्त्राला ज्ञात असलेले दोन निरनिराळे आजार असू शकतात, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. पहिला तीव्र नैराश्याचा विकार. दुसरा द्विध्रुवी विकार. त्याला डॉक्टर 'बायपोलर' म्हणतात आणि जुन्या पिढीतील डॉक्टर 'मॅनिक डिप्रेशन' म्हणत असत. या दोहोंतील भेद नीट ओळखायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. तो भेद कसा उलगडत गेला आणि आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, हे प्रस्तुत लेखात पाहण्याचा आमचा मानस आहे.

आजारांचे स्वरूप

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की दुःख म्हणजे आजार नव्हे. आप्ताच्या निधनानंतर रडणारा माणूस रोगी नसतो. तीव्र नैराश्याचे निदान करताना डॉक्टर नऊ लक्षणांचा विचार करतात : सतत खिन्नता, कशातही रस न वाटणे, भूक व वजन यांतील बदल, झोपेचा बिघाड, हालचालीतील मंदपणा किंवा अस्वस्थता, थकवा, आपण निरुपयोगी किंवा अपराधी आहोत ही भावना, लक्ष न लागणे आणि मरणाचे विचार. यांपैकी किमान पाच लक्षणे सलग दोन आठवडे, जवळजवळ दररोज असावी लागतात. आणि त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असावेच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे २८ कोटी लोक नैराश्याने ग्रस्त होते.

द्विध्रुवी विकारात हे सारे तर असू शकतेच. त्याशिवाय त्याच माणसाच्या आयुष्यात अगदी उलट टोकाचा काळही येऊन जातो. त्याला उन्माद म्हणतात. आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ माणूस विलक्षण उत्साहात किंवा विलक्षण चिडचिडीत असतो. दोन-तीन तासांची झोप त्याला पुरते. बोलणे थांबत नाही, एका विचारातून दुसरा फुटतो. तो कर्ज काढून नवा धंदा मांडतो, जमीन विकायला निघतो, ओळखीपाळखी नसलेल्यांना पैसे वाटतो. देवाने एका थोर कामगिरीसाठी आपली खास निवड केली आहे, असेही त्याला वाटू लागते. याच अवस्थेचे सौम्य रूप चार-पाच दिवसांचे असते आणि त्यात कोणाला आजार दिसतच नाही. घरच्यांना वाटते, पोरगा अखेर कामाला लागला. या विकाराचे रुग्ण २०१९ साली जगात सुमारे ४ कोटी होते, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे.

खरी अडचण पुढेच आहे. द्विध्रुवी विकाराच्या अनेक रुग्णांत आजाराची सुरुवातच नैराश्याने होते आणि पुढेही उन्मादापेक्षा नैराश्याचेच दिवस अधिक असतात. अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले दोन रुग्ण शेजारी ठेवले, तर कोणाला कोणता आजार आहे हे नुसत्या पाहण्याने सांगता येत नाही. दोघांतील भेद त्यांच्या आजच्या चेहऱ्यावर दिसत नाही. तो त्यांच्या गेल्या पाच-दहा वर्षांत दडलेला असतो. मानसवैद्यकाच्या इतिहासातील ही सर्वांत उशिरा कळलेली गोष्टींपैकी एक होय.

काळे पित्त

ख्रिस्तपूर्व पाचव्या-चौथ्या शतकांत ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस आणि त्याच्या परंपरेतील वैद्यांनी शरीरात चार रस कल्पिले : रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. भय आणि खिन्नता दीर्घकाळ टिकली की काळे पित्त वाढले असे ते मानीत. 'मेलँकोलिया' या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी 'काळे पित्त' असा आहे. 'मॅनिया' हा शब्द ते बेभान वेडासाठी वापरीत. कल्पना चुकीची होती, परंतु तिच्यात एक मोठे पाऊल होते : मनाचे दुखणे हे शरीराचेही दुखणे आहे आणि वैद्याने त्याकडे पाहिले पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. आपल्याकडे चरकसंहितेतही उन्मादाचे पाच प्रकार सांगितले असून ते वात, पित्त, कफ, तिन्हींचा एकत्रित प्रकोप आणि बाहेरून येणारी कारणे यांवर आधारलेले आहेत.

या प्राचीन वैद्यांत एक नाव आवर्जून घ्यायला हवे. ते म्हणजे कॅपाडोशियाचा अ‍ॅरेटियस. हा वैद्य इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेला. खिन्नता ही उन्मादाची सुरुवात आणि त्याचाच एक भाग आहे, असे त्याने लिहून ठेवले. एकाच माणसात दोन्ही अवस्था येतात हे त्याने पाहिले होते. मात्र त्याचे हे निरीक्षण पुढे कोणी पद्धतशीरपणे तपासले नाही आणि शतकानुशतके वैद्य विषाद व उन्माद यांना बहुधा दोन स्वतंत्र दुखणी समजत राहिले.

वाळवंटातील मठवासी

या इतिहासाचा एक धागा आपल्या ख्रिस्ती परंपरेतून जातो. चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात एकांतवास पत्करलेल्या मठवासींना एका विशिष्ट त्रासाने ग्रासले होते. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाहीसा वाटे, खोली नकोशी होई, प्रार्थनेत गोडी उरत नसे. इसवी सन ३९९ मध्ये निधन पावलेल्या इव्हॅग्रियसने त्याचे बारकाईने वर्णन केले आणि त्याला 'अकेडिया' हे नाव दिले. पुढे जॉन कॅसियनने ही शिकवण पश्चिमेकडील मठांत नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप संत महान ग्रेगरी यांनी प्रमुख दुर्गुणांची मांडणी केली तेव्हा अकेडिया खिन्नतेतच सामावली गेली. कालांतराने त्या जागी 'आळस' आला.

मठवासीला मोहाशी झुंजण्यासाठी ही शिकवण उपयोगी होती, यात शंका नाही. परंतु तिची एक किंमत आजाऱ्यांना मोजावी लागली. जो उठू शकत नाही तो आळशी, जो प्रार्थना करू शकत नाही तो श्रद्धेत कमी, अशी समजूत लोकांच्या मनात रुजली. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड यांनी मात्र खिन्नतेचा विचार शरीरातील रसांच्या अंगानेही केला होता. आणि त्याही आधी, राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात, एलिया संदेष्टा रानातील झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला बोल लावीत नाही. तो त्याला भाकर व पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खाऊ घालतो. एलियाला कोणता आजार होता हे ठरविण्याचा अधिकार आम्हांला नाही. शुश्रूषेची ही रीत मात्र लक्षात घेण्यासारखी आहे.

साल्पेत्रियेर ते हायडेलबर्ग

निर्णायक वळण आले ते एकोणिसाव्या शतकात, पॅरिसमध्ये. तेथील साल्पेत्रियेर या स्त्रियांच्या विशाल रुग्णालयात अनेक रुग्णांचे सारे आयुष्य जाई. त्यामुळे डॉक्टरांना एकच रुग्ण वर्षानुवर्षे पाहता येई. याच संधीचा लाभ झाँ-पिएर फाल्रे यांनी घेतला. काही स्त्रिया आधी उन्मादात, मग विषादात, मग काही काळ अगदी बऱ्या आणि पुन्हा उन्मादात, अशा फेऱ्यात फिरतात, हे त्यांनी टिपले आणि १८५१ मध्ये त्याला 'चक्राकार वेड' असे नाव दिले. १८५४ च्या जानेवारीत त्यांचेच सहाध्यायी ज्यूल बेयार्जे यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे 'दुहेरी रूपाचे वेड' म्हणून जवळजवळ तोच आजार मांडला. दोनच आठवड्यांनी फाल्रे यांनी आपला निबंध वाचला आणि शोधाचे श्रेय कोणाचे यावरून दोघांत वाद जुंपला. श्रेय कोणाचेही असो. विषाद व उन्माद हे एकाच आजाराचे दोन चेहरे असू शकतात ही गोष्ट तेव्हापासून वैद्यकाच्या नोंदीत आली.

पुढचे नाव जर्मनीचे एमिल क्रेपेलिन यांचे. हायडेलबर्ग येथे ते प्रत्येक रुग्णाचे एक टिपणपत्र ठेवीत. रुग्ण घरी गेला, पुन्हा आला, बरा झाला, खालावला, हे सारे त्यावर उतरे. एखाद्या दिवशीच्या लक्षणांपेक्षा आजाराची वाटचाल अधिक बोलकी असते, हा त्यांचा सिद्धान्त. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी गंभीर मानसिक आजारांचे दोन मोठे गट केले. एक, ज्याला आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो तो. आणि दुसरा, 'मॅनिक-डिप्रेसिव्ह' आजार. या दुसऱ्या गटातले रुग्ण मधल्या काळात बहुधा सावरतात, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र एवढे करताना त्यांनी नुसते नैराश्य येणारे रुग्णही कालांतराने जवळजवळ सारेच या दुसऱ्या गटात घातले. म्हणजे फाल्रे यांनी वेगळा काढलेला आजार पुन्हा एका मोठ्या टोपलीत पडला, आणि ती टोपली अर्ध्या शतकाहून अधिक काळ तशीच राहिली.

एकाचे पुन्हा दोन

ही टोपली उघडली ती कार्ल लेओनहार्ड या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने. १९५७ च्या आपल्या ग्रंथात त्याने साधा प्रश्न विचारला : ज्यांना आयुष्यभर केवळ विषाद येतो आणि ज्यांना विषाद व उन्माद दोन्ही येतात, ते खरोखर एकाच आजाराचे रुग्ण आहेत काय? दुसऱ्या गटासाठी त्याने 'द्विध्रुवी' हा शब्द योजला. नऊ वर्षांनी, १९६६ मध्ये, स्वित्झर्लंडचे ज्यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनमध्ये काम करणारे कार्लो पेरिस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे रुग्णांच्या नातेवाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. द्विध्रुवी रुग्णांच्या घराण्यात द्विध्रुवी विकार अधिक आढळतो. ज्यांना केवळ नैराश्य आहे त्यांच्या घराण्यात तसे दिसत नाही. शिवाय केवळ नैराश्याचा विकार स्त्रियांत अधिक, तर द्विध्रुवी विकार स्त्री-पुरुषांत जवळपास सारखा.

या पुराव्याच्या बळावर १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत दोन्ही आजारांना स्वतंत्र नावे दिली. १९९४ च्या आवृत्तीत, सौम्य उन्माद आणि तीव्र नैराश्य असणाऱ्या रुग्णांसाठी द्विध्रुवी विकाराचा दुसरा प्रकार मान्य झाला. २०१३ मध्ये दोहोंची प्रकरणेही निराळी करण्यात आली. एवढे झाले तरी दोहोंमधील सीमारेषा भिंतीसारखी पक्की नाही, असे मानणारे तज्ज्ञ आजही आहेत.

औषधांची साक्ष

ग्रंथांत चाललेला हा वाद औषधांनी रुग्णांच्या खाटेपर्यंत आणला. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचे युद्धकैदी होते. युद्धानंतर मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील मनोरुग्णालयात त्यांनी लिथियम या धातूच्या क्षारांचे प्रयोग आधी गिनिपिगांवर केले, मग ते क्षार स्वतः घेऊन पाहिले, आणि १९४८ मध्ये रुग्णांना दिले. त्यांचा पहिला रुग्ण एक्कावन्न वर्षांचा होता आणि पाच वर्षे सतत उन्मादात होता. काही आठवड्यांत तो शांत झाला आणि काही महिन्यांत घरी परतून कामावर रुजू झाला. पुढे त्याने औषध टाळले आणि आजार उलटला. अखेर लिथियमच्याच विषबाधेने तो दगावला. १९४९ मध्ये केड यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उन्मादाच्या दहा रुग्णांना लाभ झाला होता; नैराश्याच्या तीन रुग्णांत मात्र तसा फरक पडला नव्हता. लिथियमची मात्रा थोडी वाढली तरी ते घातक ठरते, म्हणून रक्त तपासून ती ठरवावी लागते. डेन्मार्कचे मोगेन्स स्काऊ यांनी १९५४ पासून केलेल्या काटेकोर चाचण्यांमुळे या औषधाला मान्यता मिळत गेली, आणि अमेरिकेने ते १९७० मध्ये मंजूर केले.

नैराश्याची कथा निराळी. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडचे रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाने नैराश्याचे रुग्ण सुधारतात, असे जाहीर केले. नैराश्यावरील औषधांचे युग येथून सुरू झाले. परंतु लवकरच एक धोका ध्यानात आला. द्विध्रुवी विकाराच्या रुग्णाला हीच औषधे एकटी दिली, तर काही वेळा तो नैराश्यातून निघून थेट उन्मादात जातो. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला संकटात लोटू शकते. म्हणूनच द्विध्रुवी विकारात मनाचा तोल राखणाऱ्या लिथियमसारख्या औषधांवर मुख्य भर असतो, आणि नैराश्यावरील औषध द्यायचे झाले तरी ते त्यांच्या जोडीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते. दोन आजारांतील भेद हा केवळ पंडितांचा काथ्याकूट नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

कुटुंबाची साक्ष

मधुमेहासाठी रक्त तपासता येते. या दोन आजारांतील भेद सांगणारी रक्ताची किंवा मेंदूच्या चित्राची खात्रीशीर तपासणी आजही रुग्णालयांत उपलब्ध नाही. डॉक्टरांचा आधार अद्याप फाल्रे आणि क्रेपेलिन यांचाच आहे : आजाराची वाटचाल. आणि ती वाटचाल कोणी पाहिलेली असते? साल्पेत्रियेरच्या डॉक्टरांना रुग्ण वर्षानुवर्षे दिसत. आजच्या डॉक्टरांना तो पंधरा-वीस मिनिटे दिसतो. वर्षानुवर्षे त्याला पाहिलेले असते ते आईने, पत्नीने, भावाने.

नैराश्यात बुडालेल्या माणसाला आपले उन्मादाचे दिवस बहुधा आठवत नाहीत, आठवले तरी तो त्यांना आजार मानीत नाही. 'तेव्हाच तर मी बरा होतो,' असे त्याला वाटते. घरचेही डॉक्टरांपुढे रडण्याचे, न जेवण्याचे तेवढे सांगतात आणि दोन वर्षांपूर्वी एका महिन्यात काढलेले कर्ज, रात्रभर जागून रंगवलेले घर, विनाकारण झालेली भांडणे सांगत नाहीत. कधी ती लाज म्हणून झाकली जातात, कधी त्यांचा या आजाराशी संबंध असेल असे मनातच येत नाही. या न सांगितलेल्या दिवसांपायी अनेक रुग्णांचे योग्य निदान कित्येक वर्षे लांबते. म्हणून आमचे कुटुंबांना कळकळीचे सांगणे आहे : डॉक्टरांकडे जाताना वाईट दिवसांइतकेच अतिउत्साहाचे दिवसही सांगा. ते कोणत्या वर्षी आले, किती दिवस टिकले, झोप किती होती, हे कागदावर लिहून न्या. घराण्यात कोणाला असा त्रास होता काय, बाळंतपणानंतर कोणाची मनःस्थिती बिघडली होती काय, हेही सांगा. सोयरिकीच्या भीतीने ही माहिती दडवली जाते, हे आम्ही जाणतो. त्या भीतीपोटी एवढे लक्षात असावे की जवळच्या नात्यात हा विकार असल्यास शक्यता वाढते खरी, परंतु अशा रुग्णांच्या बहुतेक भावंडांना व मुलांना तो होत नाही.

दोन्ही आजारांत आत्महत्येचा धोका मोठा असतो. या बाबतीत धर्म आणि कायदा दोघांनीही वाट बदलली आहे. १९१७ च्या धर्मसंहितेने बुद्धिपुरस्सर आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत तो उल्लेख राहिला नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक श्रद्धाग्रंथाने गंभीर मानसिक विकारामुळे माणसाची जबाबदारी कमी होते असे मान्य केले आणि अशांच्या तारणाची आशा सोडू नये, असे शिकविले. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरले आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले. २०२२ पासून 'टेली-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.

शेवटी एक गोष्ट. बरे वाटू लागले की गोळ्या बंद करण्याचा मोह रुग्णाला होतो, आणि एखाद्या भक्तिमेळाव्याहून परतल्यावर घरच्यांनाही होतो. डॉ. केड यांच्या पहिल्या रुग्णाची कथा अशा वेळी आठवावी. प्रार्थना आणि औषध यांत वैर नाही; एलियाला देवाची वाणी ऐकू आली ती भाकर खाऊन, झोप घेऊन आणि चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर. आपल्या घरातील आजारी माणसाला आधी ही भाकर आणि ही झोप मिळाली पाहिजे, आणि त्याच्या आजाराला त्याचे खरे नाव.